रिलेशन म्हणजे कोणते नाते?

आपण लिहायला-वाचायला शिकलो. सही करता येऊ लागली. एसटीवरची पाटी वाचता येऊ लागली. मग एके दिवशी बँकेत नाही तर दवाखान्यात एक छापील अर्ज हाती येतो. नाव, गाव, वय इथपर्यंत सगळे ठीक चालते. त्याखाली एक रकाना असतो. त्यावर छापलेले असते, 'रिलेशन'. तिथे हात थांबतो.

रिलेशन म्हणजे नाते. त्या माणसाचे तुमच्याशी नाते काय, असे अर्ज विचारतो. नाती आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत. त्यांचे इंग्रजी शब्द तेवढे ठाऊक नाहीत. म्हणून नात्यागोत्याचे, मैत्रीचे आणि प्रेमाचे इंग्रजी शब्द आम्ही इथे उलगडून सांगणार आहोत. हे शब्द आता अर्जापुरते राहिलेले नाहीत. पोराबाळांच्या तोंडी ते रोज असतात. शब्द नीट कळला नाही तर अर्ज परत येतो, आणि कधी कधी घरात विनाकारण रण माजते.

आधी घरातली नाती घेऊ. फादर म्हणजे वडील, मदर म्हणजे आई. सन म्हणजे मुलगा, डॉटर म्हणजे मुलगी. ब्रदर भाऊ, सिस्टर बहीण. हजबंड नवरा, वाइफ बायको. एवढी आठ नाती पाठ झाली तर निम्मे काम झाले. कागदावर ही नाती आखडून लिहितात. 'एस', मग तिरकी रेघ, मग 'ओ', असे दिसले की समजावे, सन ऑफ, म्हणजे अमक्याचा मुलगा. 'डी ओ' असेल तर अमक्याची मुलगी. 'डब्ल्यू ओ' असेल तर अमक्याची बायको. 'सी ओ' मात्र नाते नव्हे. ते केअर ऑफ, म्हणजे अमक्याच्या मार्फत. पाहुण्याचे पत्र आपल्या पत्त्यावर येते, तसे.

महाराष्ट्रात आता आईचे नावही कागदावर आले आहे, बरे का. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे सरकारी कागदावरचे नाव असे लिहायचे: आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे, मग आडनाव. आमच्या मते हे फार आधीच व्हायला हवे होते.

हे शब्द परके वाटतात. पण कान देऊन ऐका. मदर आणि मातृ. ब्रदर आणि भ्रातृ. डॉटर आणि दुहिता. विडो आणि विधवा. विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश कलकत्त्यात होते. संस्कृत आणि युरोपातल्या जुन्या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी १७८६ मध्ये भर सभेत सांगितले. पुढच्या विद्वानांनी ते पटवून दिले. म्हणजे हे शब्द आपल्या शब्दांचे भाऊबंदच आहेत. फार पूर्वी वाटण्या झाल्या आणि जो तो आपापल्या वाटेला गेला.

हजबंड या शब्दाचे मूळ तर ऐकण्यासारखे आहे. 'हज' म्हणजे हाउस, घर. घर धरून राहिलेला, घराचा मालक, तो हजबंड. आपल्याकडची बाई काय म्हणते? घरधनी. अगदी तोच अर्थ! वाइफ म्हणजे पूर्वी नुसती बाई. आपणही 'बायका जमल्या' म्हणतो तेव्हा कोणाच्या बायका असे विचारत नाही. उपकेंद्रात ए.एन.एम. बाई असतात. त्यातला 'एम' म्हणजे मिडवाइफ, सुईण. त्या 'वाइफ'चा अर्थही बाई असाच आहे.

आणि मिस्टर? आपल्याकडे बाया सांगतात, "आमचे मिस्टर मळ्यात गेलेत." इंग्रजीत मिस्टर म्हणजे नवरा नव्हे. श्री किंवा श्रीयुत, तसा तो शब्द नावाआधी लावतात. पण आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही अशी रीत होती. नाव घ्यायचे ते उखाण्यातच. मग 'हे', 'आमचे हे', 'घरचे' असे म्हणावे लागे. तिथे हा इंग्रजी शब्द सोयीचा पडला. मिस्टर हा मास्टर या शब्दाचाच एक उच्चार आहे, आणि मास्टर म्हणजे मालक. शाळेतला मास्तरही त्याच घरचा. बोलताना खुशाल मिस्टर म्हणावे, पण अर्जात रिलेशनपुढे मिस्टर लिहू नये. तिथे हजबंड लिहावे. मिसेसचे मूळ मिस्ट्रेस, म्हणजे मालकीण. पण तो मूळ शब्द आज एकट्याने आला तर रखेली असा अर्थ होतो. तेव्हा त्या शब्दापासून जरा जपून. शाळेतल्या हेडमिस्ट्रेस बाईंना मात्र तो शोभून दिसतो.

आता एक चूक सांगतो. ती पुष्कळांकडून होते. अर्जात नाते कोणापासून मोजायचे, हे आधी पाहावे लागते. रेशनकार्डाचे उदाहरण घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत थोरली बाई ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरली. घरात सासू आहे, तर प्रमुख सासू. अशा वेळी सून विचार करते, मी तर बायको आहे, म्हणून वाइफ लिहिते. ते चुकले. ती बायको आहे आपल्या नवऱ्याची, सासूची नव्हे. प्रमुखाशी तिचे नाते डॉटर-इन-लॉ, म्हणजे सून. आणि सासरा थोरला असला तरी त्याच्या पुढे हजबंड येईल. काही म्हाताऱ्यांना हे जड जाते. जाऊ द्या, होईल सवय.

स्पाउस असा शब्द दिसला तर घाबरू नये. नवरा भरत असेल तर बायको, बायको भरत असेल तर नवरा. एकच शब्द दोघांना चालतो. नॉमिनी हे मात्र नाते नव्हे. आपल्या पश्चात बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत, त्याचे नाव म्हणजे नॉमिनी. बँकेच्या ठेवीत नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे त्याच्या हातात पडतात, पण वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

मॅरिटल स्टेटस म्हणजे लग्न झाले की नाही, आणि झाले असेल तर आज काय स्थिती. सिंगल किंवा अनमॅरिड म्हणजे लग्न न झालेला. मॅरिड म्हणजे झालेला. विडो विधवा, विडोअर विधुर. डायव्होर्स्ड म्हणजे घटस्फोट झालेला. सेपरेटेड म्हणजे नवराबायको वेगळे राहतात, पण लग्न कायद्याने मोडलेले नाही. नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईने डायव्होर्स्ड लिहू नये. त्याला सहसा कोर्टाचा हुकूम लागतो. तिने सेपरेटेड लिहावे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, तेव्हा त्यात मराठीतच 'परित्यक्ता' असा शब्द होता. आमच्या वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, ही कोण?" त्यांना सांगितले, नवऱ्याने सोडलेली. त्या म्हणाल्या, "मग तसं लिवायला काय झालं होतं?" आम्हांला उत्तर देता आले नाही. सगळेच अवघड शब्द काही इंग्रजीतून येत नाहीत.

आता घराबाहेर पडू. इथून इंग्रजीची पंचाईत सुरू होते.

आजकाल पोर कोणालाही अंकल म्हणते. काका अंकल, मामा अंकल, मावशीचा नवरा अंकल, आत्याचा नवरा अंकल, आणि दुकानदारही अंकल. काकू, मामी, मावशी, आत्या या सगळ्या आंटी. इंग्रजीत तेवढाच शब्द आहे, त्याला पोर काय करणार? पण इंग्रजांचे असे पहिल्यापासून नव्हते. त्यांच्या जुन्या भाषेत काका वेगळा होता आणि मामा वेगळा होता. आत्या वेगळी होती आणि मावशी वेगळी होती. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राजवाड्यात आणि कचेरीत फ्रेंच भाषा आली. तिच्यातून अंकल आणि आंट हे शब्द आले आणि पुढे जुने चारही शब्द गेले. गंमत अशी की, फ्रेंचांच्या आधीच्या लॅटिन भाषेत अंकलचे मूळ होते मामा. आंटचे मूळ होते आत्या. मामा पसरला तो काकाच्या जागेवर जाऊन बसला, आणि आत्या मावशीच्या जागेवर. शब्द असे जातात. कोणी हुकूम काढीत नाही. लोक वापरायचे सोडतात, एवढेच.

आमच्या नाशकात एक जागा अशी आहे की जिथे अंकल चालत नाही. पितृपक्षात रामकुंडावर जाऊन पाहा. गोदावरीच्या पाण्यात उभा राहून माणूस तर्पण करतो. बाप, आजा, पणजा, आई, आजी यांच्यानंतर एकेकाची पाळी येते. पितृव्य म्हणजे काका. मातुल म्हणजे मामा. आत्या वेगळी, मावशी वेगळी, सासरा वेगळा. शेवटी गुरू येतो, शिष्य येतो आणि आप्तही येतो. जो शहरात वाढलेला मुलगा "माझे एक अंकल वारले" म्हणेल त्याला गुरुजी विचारणारच, काका की मामा? तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत घराण्यांच्या नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की वही काढतात, आणि आपल्या आज्या-पणज्यांपैकी कोण आले होते ते वाचून दाखवतात. वाचता येऊ लागल्यावर ती वही एकदा स्वतः वाचून पाहावी. अक्षर जुने असते, पण आपल्या पणज्याचे नाव ओळखू येते.

अंकलपेक्षा कझिन हा शब्द अधिक घोटाळ्याचा. चुलतभाऊ कझिन, मामेभाऊ कझिन, आतेभाऊ कझिन, मावसभाऊ कझिन. या चारही ठिकाणच्या बहिणीसुद्धा कझिन. मुलगा की मुलगी हेही त्या शब्दावरून कळत नाही.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. समजा, निफाडकडचा एक मुलगा अंबडच्या कारखान्यात आहे. त्याचे लग्न मामाच्या मुलीशी ठरले. तो शेजारच्या यंत्रावरच्या बिहारच्या सोबत्याला सांगतो, "कझिनशी लग्न ठरलं." सोबती कानावर हात ठेवतो. त्याच्या मुलखात मामाची मुलगी ही सख्ख्या बहिणीसारखी. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानीत आले. पण चुलतबहीण मात्र बहीणच. इरावती कर्वे या विदुषींनी १९५३ मध्ये भारतातल्या नात्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापला. उत्तरेत अशी लग्ने वर्ज्य, दक्षिणेत पसंतीची, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, असे त्यांनी दाखवले. मुसलमान समाजात चुलतबहिणीशीही लग्न चालते. ज्याची त्याची रीत.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचा मूळ मजकूर इंग्रजीत आहे. कोणाकोणात लग्न होऊ शकत नाही, हे त्यात सांगितले आहे. तिथे कायदा लिहिणाऱ्यांनी कझिन या एका शब्दावर भागवले नाही. भाऊ-बहिणीची मुले, दोन भावांची मुले, दोन बहिणींची मुले, अशी तिन्ही नाती उलगडून लिहिली. रूढी असेल तर सवलत आहे, हेही लिहिले. इंग्रजीतल्या कायद्यालाही तो शब्द अपुरा पडला, तिथे आपण सोयरिकीच्या बैठकीत तो कशाला वापरावा? अर्जात कझिन लिहा. लग्न जमवताना चुलत, मामे, आते, मावस हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इन-लॉ म्हणजे लग्नामुळे झालेले नाते. लॉ म्हणजे कायदा. सासरा फादर-इन-लॉ, सासू मदर-इन-लॉ, जावई सन-इन-लॉ. इथवर ठीक. पण मेहुणा आणि दीर दोघेही ब्रदर-इन-लॉ. साडूलाही कोणी तेच म्हणतात. नणंद, जाऊ, भावजय आणि मेहुणी यांची एकच सिस्टर-इन-लॉ! ज्या बाईने नणंद आणि जाऊ या दोघींबरोबर एका घरात दिवस काढले, तिला विचारा ही नाती एक आहेत का ते. हा 'लॉ' मुळात चर्चचा, म्हणजे त्यांच्या धर्माचा कायदा. लग्नाने झालेल्या कोणत्या नात्यात पुन्हा लग्न करता येत नाही, ते तो सांगे. इंग्लंडात बायको वारल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करायला १९०७ पर्यंत बंदी होती. आपल्याकडे मात्र पोरे आईवाचून पडली की धाकट्या मेहुणीचे नाव सोयरेच काढीत.

व्याही आणि विहीण यांना तर इंग्रजीत शब्दच नाही. कंपनी सरकारच्या काळात मोल्सवर्थ नावाच्या साहेबाने मराठीचा मोठा कोश केला. तो १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा निघाला. असल्या शब्दांपुढे त्यांना इंग्रजीत एक शब्द देणे जमण्यासारखे नव्हते. मुलाचा किंवा मुलीचा सासरा, असे फोड करूनच सांगावे लागते. ज्या माणसापुढे आपण मानपानासाठी एवढे हात जोडतो, त्याला इंग्रजाने नावही ठेवले नाही.

आता मैत्री. फ्रेंड म्हणजे मित्र, आणि फ्रेंड म्हणजे मैत्रीणही. इथे नीट लक्ष द्या. मराठीत शब्द उच्चारला की मुलगा की मुलगी ते कळते. इंग्रजीत कळत नाही. मुलगी फोनवर म्हणते, "फ्रेंडकडे चालले." बाप ऐकतो आणि मनातल्या मनात भलतेच चित्र काढतो. तिची फ्रेंड म्हणजे बाकावरची मैत्रीणही असेल. बॉयफ्रेंड हा शब्द याहून वेगळा. बॉय म्हणजे मुलगा आणि फ्रेंड म्हणजे मित्र, म्हणून मुलगा असलेला कोणीही मित्र म्हणजे बॉयफ्रेंड, असे नव्हे. ज्याच्यावर मन बसले आहे तो बॉयफ्रेंड. तशीच गर्लफ्रेंड. वर्गातला जो मुलगा वही द्यायला दारात आला तो फ्रेंड. बेस्ट फ्रेंड म्हणजे जिवलग, आणखी काही नाही.

शाळेत आम्ही हे पाहिले आहे. एका शब्दावरून मुलीचे नाव शाळेतून काढले जाते. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका येते. मुलगी अजून अठराची नसते. अठरा वर्षांच्या आत मुलीचे आणि एकवीसच्या आत मुलाचे लग्न करणे २००६ च्या कायद्याने बंद आहे, हे बापाला ठाऊकही असते. पण फ्रेंड हा शब्द ऐकून डोके फिरलेले असते. आम्ही एवढेच म्हणतो, आधी शांतपणे विचारा, "मित्र की मैत्रीण? काय नाव? कुठल्या वर्गात?" पोर घाबरली नाही तर खरे सांगते. घाबरली की मात्र पुढचे काहीच सांगत नाही.

लव्ह म्हणजे प्रेम. वडीलधाऱ्यांना हा शब्द ऐकवत नाही. पण विद्वान सांगतात की लव्ह आणि आपला लोभ हे एकाच मुळातले शब्द आहेत. आणि आपल्या जुन्या पत्रांचा शेवट कसा होई? लोभ असावा, ही विनंती. म्हणजे लव्हला नाक मुरडणारे आजोबा आयुष्यभर व्याह्यांना दर पत्रात तेच मागत आले.

अफेअर म्हणजे मुळात नुसते काम किंवा बाब. आपण 'त्यांचे प्रकरण आहे' म्हणतो, तसाच तो शब्द बदनाम झाला. एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. वुड-बी म्हणजे होणारा नवरा किंवा होणारी बायको. ब्रेकअप म्हणजे मैत्री किंवा प्रेम तुटणे. त्यात कोर्टकचेरी नाही. पोराचे ब्रेकअप झाले असेल तर दोन दिवस जेवण जात नाही, एवढे खरे. कोर्ट मॅरेज असे म्हणतात, पण ते लग्न कोर्टात न्यायाधीशापुढे लागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्यापुढे लागते. त्याची नोटीस ३० दिवस आधी द्यावी लागते. जात किंवा धर्म वेगळा असला तरी ते लग्न पक्के असते.

इंग्रजीत मित्राला आणखी एक शब्द आहे, पॅल. हा शब्द इंग्रजांनी युरोपात भटकणाऱ्या रोमा लोकांपासून घेतला. त्या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून तिकडे गेले. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ भाऊ, आणि त्याचे मूळ संस्कृतातला भ्रातृ. आपला भाऊ देशोदेशी फिरत फिरत साहेबाच्या घरी दोस्त होऊन बसला. आणि दोस्त हा शब्दही आपला नव्हे, तो फारसीतून आला. पण आता त्याला परका कोण म्हणतो?

एक शेवटचा रकाना राहिला. दवाखान्यात रोग्याबरोबर आलेल्या माणसाचे रिलेशन विचारतात. पुष्कळदा रात्री जीप काढून नेणारा शेजारी असतो, नाही तर मळ्याच्या बांधाला बांध असलेला सोबती. तो ओशाळून म्हणतो, "नातं काही नाही." तसे म्हणू नये. शेजारी असेल तर नेबर लिहावे. सोबती असेल तर फ्रेंड लिहावे, आणि खाली आपली सही करावी.